अटकेतील सभासद आणि मंडळाचे मौन




संगणकाच्या प्रणाली विनामोबदला घडविणाऱ्या स्वयंसेवकांच्या मंडळींनी, आपला एखादा सभासद फौजदारी आरोपाखाली पकडला गेला असता, त्याची बाजू जाहीरपणे घ्यावी की ‘आमचा संबंध केवळ प्रणालीशी’ असे म्हणून अंग काढून घ्यावे, हा प्रश्न जिंतुरातील संगणक शिकणाऱ्या तरुणांपुढे काढला, तर बहुतेकांचा कौल मौनाकडे पडतो. मंडळापाशी ना तपासाचे कागद ना वकिलीची सनद. सभासद देशोदेशी विखुरलेले, मते परस्परविरोधी. एका सरकारविरुद्ध शब्द काढावा तर त्याच देशातील इतर सभासदांवर गंडांतर यावयाचे, असे त्यांचे म्हणणे. ते टाकाऊ नाही, परंतु आरोपी निर्दोष असल्याचा निर्वाळा देणे आणि त्याच्या कामाविषयी आपणांस ठाऊक असलेली हकीगत सांगणे, या दोन भिन्न गोष्टींची त्यात गल्लत झाली आहे.

दिमित्री बोगातोव हे मॉस्कोतील गणिताचे शिक्षक आणि ‘डेबियन’ या प्रणालीचे स्वयंसेवक. एप्रिल २०१७ मध्ये त्यांस अटक झाली ती चिथावणीखोर मजकुराच्या आरोपावरून, आणि पुरावा काय, तर तो मजकूर त्यांच्या घरच्या जोडणीच्या पत्त्यावरून आलेला दिसला. आता ‘टॉर’ नामक जाळ्याची रीतच अशी की, मजकूर अनेक संगणकांतून फिरत जाऊन ज्याच्या यंत्रातून शेवटी बाहेर पडतो त्याचाच पत्ता जगास दिसतो, मूळ लेखक अदृश्य राहतो. आणि बोगातोव असे शेवटचे यंत्र स्वखुशीने घरी चालवीत होते. ही गोष्ट अंमलदारास ठाऊक नसणे समजण्याजोगे आहे, परंतु ज्यांस ती ठाऊक होती त्यांनी तोंड मिटून बसणे मात्र अक्षम्य ठरले असते. डेबियनने चिंता व्यक्त करणारे निवेदन काढले, आणि त्यातच, प्रणालीत भर घालणाऱ्याची ओळख पटविणाऱ्या बोगातोव यांच्या सांकेतिक किल्ल्या परहस्ती गेल्या असण्याच्या शक्यतेमुळे त्या आपल्या दप्तरातून काढून टाकल्याचेही सांगितले. काहींना हा दुटप्पीपणा वाटेल. मला तो उत्तम कारभार वाटतो, कारण त्या किल्लीच्या आधारे कोणीही असंख्य लोकांच्या यंत्रांत घातक भर घालू शकला असता, आणि स्नेह्याविषयीच्या काळजीपायी त्या परक्यांची सुरक्षितता पणास लावण्याचा अधिकार मंडळास नव्हता. पुढे २०१८ मध्ये बोगातोव यांच्यावरील आरोप मागे घेण्यात आले.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे आहे. हैदराबादचे तंत्रज्ञ हरिप्रसाद यांनी अमेरिकेतील प्राध्यापक हाल्डरमन आणि हॉलंडचे रॉप खोंग्राइप यांच्यासह मतदान यंत्रातील दोष २०१० साली दाखवून दिले. ते यंत्र मुंबईच्या सरकारी कोठारातून चोरीस गेलेले, अशा फिर्यादीवरून २१ ऑगस्ट रोजी त्यांस अटक झाली. हे त्रिकूट म्हणजे काही स्वयंसेवी प्रणाली-मंडळ नव्हे, हे कबूल. पण यंत्र कोठारातून कोणी काढले हा पोलिसांच्या तपासाचा विषय असला, तरी त्यावर काय प्रयोग केले आणि कोणत्या हेतूने, हे सहकाऱ्यांखेरीज कोण सांगणार होते? त्यांनी ते जगजाहीर सांगितले. आठवड्याभरात जामीन मिळाला, आणि तो देताना मॅजिस्ट्रेटांनीही हरिप्रसाद यांचा हेतू अप्रामाणिक दिसत नसल्याचे नमूद केले. (मतदान यंत्रास कागदी चिठ्ठीचा पडताळा आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटले, आणि आज जिंतूरचा मतदारही ती चिठ्ठी सात सेकंद काचेतून पाहतो, त्याचे श्रेय एकट्या हरिप्रसाद यांना देणे अतिशयोक्तीचे होईल, पण शंका काढणारा माणूस गुन्हेगारच असतो असे नाही, एवढे तरी त्यावरून दिसते.)

आपणांस ठाऊक तेवढ्यापुरतेच बोलण्याची ही रीत मराठी वाचकास नवी वाटू नये. टिळकांना १८९७ साली राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेच्या अर्जावर सही करणाऱ्यांत वेदांचे पाश्चात्त्य अभ्यासक माक्स म्युलर होते. टिळकांच्या ‘ओरायन’ ग्रंथातील वेदकालाचा निर्णय त्यांस पटलेला नव्हता, आणि ‘केसरी’च्या राजकारणाची तर त्यांनी तरफदारीही केली नाही, त्यांनी शब्द टाकला तो एका अभ्यासकासाठी, आणि त्या शब्दाला वजन आले ते या मर्यादेमुळेच.

ही मर्यादा कोठे आखावी, हे हान्स रायझर यांच्या प्रकरणात दिसते. लिनक्सवरील एका नामांकित फाइल-प्रणालीचे हे कर्ते. २००६ साली पत्नीच्या खुनाच्या आरोपावरून पकडले गेले, २००८ साली दोषी ठरले, आणि मग प्रेत कोठे पुरले तेही त्यांनीच दाखविले. त्या आरोपाशी प्रणालीचा सुतराम संबंध नव्हता. तेथे मंडळाने रास्त चौकशी व्हावी यापलीकडे अवाक्षर काढणे अनधिकार झाले असते.

जाहीर पाठिंब्याने माणूस सुटतोच असेही नाही. सीरियातील बासेल खर्ताबिल यांच्यासाठी जगभर मोहीम झाली, तरी २०१२ साली अटक झालेल्या त्या प्रोग्रामरला २०१५ मध्ये देहान्त शासन झाले, आणि ते जगास कळले २०१७ साली. म्हणून कुटुंबाचा आणि वकिलाचा सल्ला घेतल्यावाचून निवेदन काढू नये. कित्येक ठिकाणी गवगवा आरोपीसच बाधतो, आणि मौन कधी पाळावे हे ठरविण्याचा हक्क कुटुंबाचा आणि वकिलाचा आहे, मंडळाच्या भीतीचा नव्हे.

मराठीतही प्रणालींचे भाषांतर करणारी, विकिपीडिया लिहिणारी मंडळी आहेत. अशा प्रसंगी कोणी बोलावयाचे, घरच्यांशी संपर्क कोणी ठेवावयाचा आणि किल्ल्या कोणी रद्द करावयाच्या, याचे एक कलम त्यांनी आपल्या नियमावलीत आजच घालावे, एवढी माझी सूचना आहे.

आपला,
एक वाचक
जिंतूर, जि. परभणी