उकिरडा कोणाच्या दारात?

घंटागाडी दोन दिवस आली नाही की आम्ही पालिकेत तक्रार नोंदवतो. ती नोंदवावीच, परंतु गाडी येऊन गेल्यावर आमची चौकशी संपते, याबद्दल आम्ही प्रथम स्वतःलाच जाब विचारू इच्छितो. दारातला कचरा नाहीसा झाला, या समजुतीवर आमची सारी स्वच्छता उभी आहे. वस्तुतः तो एका दारातून उचलला जातो आणि दुसऱ्या दारात पडतो. ते दुसरे दार बहुधा गरिबाचे असते.

देवनार पाहा. १९२७ पासून मुंबईचा कचरा तेथे पडत आला. त्या डोंगराच्या पायथ्याशी गोवंडीतल्या वस्त्या वाढल्या. त्यांचा एम-पूर्व प्रभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात अगदी तळाशी होता. जानेवारी २०१६ मध्ये डोंगर पेटला, धूर शहरभर पसरला, पालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि वृत्तपत्रांना जाग आली. पायथ्याच्या लोकांना धूर नवा नव्हता. नवे एवढेच, की तो आमच्या खिडकीशी आला.

आग कोणी लावली, हा प्रश्न तेव्हा गाजला. जळण कोणी पुरवले, हे मात्र कोणी विचारले नाही. भाजीची देठे, मासळीची आतडी, उरलेला भात आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून देतो. ढिगाखाली हवेविना ते कुजते, त्यातून मिथेन निघतो; पुढे एक ठिणगी पुरते.

'ती माणसेच घाणेरडी राहतात,' हे वाक्य आम्ही रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारातही ऐकले आहे. ज्या बोळात घंटागाडी शिरत नाही, पाणी हंड्याच्या भावाने विकत घ्यावे लागते आणि शौचालयापुढे पहाटे रांग लागते, तेथल्या आईने कचरा नाल्यात टाकू नये तर कोठे टाकावा? शिवाय रोजचे मीठ-तेल रोज आणणाऱ्या घरात टाकायला उरते तरी किती!

उपाय अज्ञात नाही. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचक स्त्रियांनी ओळखपत्रे मिळवली, आणि २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' सहकारी संस्था पालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. घरटी शुल्क ठरले. त्या शुल्कावर कुरकुर करणारे चहाला त्याहून अधिक खर्च करतात, हे जाता जाता सांगतो. या स्त्रियांना आमची दया नको आहे. त्यांना हातमोजे, वर्गीकरणासाठी छप्पर, हात धुवायला पाणी आणि कामाचा मोबदला हवा आहे. फुटलेली काच, वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे दिले, तर त्यांचा हात वाचतो.

वसईच्या वाड्यांत पूर्वी घरामागे उकिरडा असे आणि त्याचे खत केळीला जाई. उकिरडा हा शब्द तेव्हा शिवी नव्हता. आता वाडीवाल्याच्या घरचे केळीचे सालही पिशवीत बसून गावाबाहेर जाते.

सणाच्या जेवणावळीत थर्माकोलची ताटे आणि उष्टे अन्न एकाच पिंपात पडते. यंदा ते पिंप कोणाच्या दारात रिकामे होणार, हे धर्मग्रामाच्या सभेत सणाआधी विचारले जावे, आणि उत्तर मिळेपर्यंत ताटांची मागणी नोंदवू नये.