शिष्यवृत्तीचे वय

आदिवासी मुलामुलींना शहरांतील नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत शासनाच्या खर्चाने शिकविण्याची जी योजना सुमारे दीड दशकापासून महाराष्ट्रात चालू आहे, तिच्यामागील हेतूविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात तिळमात्र संदेह नाही. संपन्न घरच्या मुलांना जी शाळा लाभते तीच तोरणमाळच्या वा भामरागडच्या मुलालाही लाभावी, ही इच्छा न्याय्यच आहे. आक्षेप आहे तो वयाविषयी. या योजनेत प्रवेश मिळतो तो इयत्ता पहिली-दुसरीत, म्हणजे सहा-सात वर्षांच्या बालकाला; आणि पोटात दुखते आहे किंवा रात्री भीती वाटते आहे हे ज्या पावरीत, कोरकूत वा माडियात त्याला सांगता येते, ती भाषा जाणणारे एकही मोठे माणूस नसलेल्या परजिल्ह्यातील वसतिगृहात त्याची रवानगी होते. त्या मुलाला इंग्रजीच काय, शाळेतील मराठीही पुष्कळदा परकीच असते.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे कार्य उभे केले, त्याची दिशा नेमकी उलट होती. वारली मूल शाळेत येत नाही, कारण त्याला गुरे राखावयाची असतात, हे ध्यानी येताच त्या मुलाला दोष देत न बसता गुरे चरतात त्या कुरणातच त्यांनी शाळा नेली, तिचे नाव कुरणशाळा ठेवले, आणि आजूबाजूचे दगड, पाने, बिया यांनाच शैक्षणिक साधनांची प्रतिष्ठा दिली. लहान वयात शाळेने मुलाकडे जावे, हे तत्त्व महाराष्ट्राच्याच भूमीत सिद्ध झालेले असताना आपण ते इतक्या सहजपणे का विसरावे?

यावर एक सबळ उत्तर दिले जाते. दिवाळी सरताच आईबाप ऊसतोडीला वा वीटभट्टीवर निघून जातात, मागे मुलाचे पाहणारे कोणी उरत नाही. अशा घरास निवासी शाळा हा आधारच नव्हे काय? निःसंशय आहे. परंतु त्यासाठी वसतिगृह लागते ते गावाच्या टप्प्यात, आजीला चालत जाऊन नातवंड पाहता येईल इतक्या अंतरावर. भामरागड तालुक्यात हेमलकशाला १९७६ पासून चालत आलेली लोकबिरादरी प्रकल्पाची निवासी शाळा माडिया मुलांच्या मुलखातच आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

मग दूरच्या शाळेची शिष्यवृत्ती द्यावी कधी? माझ्या मते आठवीपासून पुढे, जेव्हा मुलगा वा मुलगी स्वतःच्या इच्छेने जाईन किंवा जाणार नाही असे म्हणू शकते, आणि जेव्हा जवळपास विज्ञानाचा चांगला शिक्षक मिळणे खरोखरच दुर्घट होते. दुर्दैवाने नेमक्या याच टप्प्यापासून आपला हात आखडू लागतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये सुरू झालेल्या स्वयम् योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांकरिता वर्षाला साठ हजार रुपये ठरले. त्यांत बारा महिन्यांचे भाडे आणि दोन वेळचे जेवण भागवावयाचे, आणि तेही हप्ता मुदतीत हाती पडला तर! वसतिगृहातील खानावळ बंद करून भोजनाची रक्कम खात्यावर जमा करण्याचा निर्णय झाला, तेव्हा २०१८ च्या जुलैत विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. त्या मोर्चाला ज्यांनी हट्ट म्हटले, त्यांनी घरून एक पैसाही न येता परक्या शहरात महिनाअखेर कशी निघते याचा विचार केलेला नव्हता.

म्हणून शासनाने पहिली-दुसरीच्या प्रवेशांची तजवीज थांबवून ती रक्कम दोन कामी लावावी. प्राथमिक आश्रमशाळांत मुलांची बोली जाणणारे स्थानिक शिक्षक नेमावेत. आणि आठवीनंतरच्या शिष्यवृत्त्यांची संख्या वाढवून त्यांचा पहिला हप्ता शाळा उघडण्यापूर्वी, जून उजाडताच पोहोचेल असा सक्त हुकूम आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांस द्यावा. त्याबरोबरच पालकांच्या वर्षातील दोन भेटींचा प्रवासखर्च आणि त्या दिवसांची बुडालेली मजुरी हीदेखील शिष्यवृत्तीचाच भाग मानून अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी स्वतंत्र बाब धरावी.