आधी टिपणी वाचा, मग सही

व्यापाऱ्याने मापात पाप केले तर आपण काटा अडवतो. ग्रामपंचायतीचा हिशोब मात्र न वाचताच मंजूर करतो. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याचे कलम 8 पाहा : आर्थिक वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत ग्रामसभा घेऊन जमाखर्च, शेवटची लेखापरीक्षण टिपणी आणि आक्षेपांवरची उत्तरे तिच्यापुढे ठेवलीच पाहिजेत. आम्ही 1 मेच्या सभेचा आग्रह धरतो तो यासाठी. 26 जानेवारीला आपली निम्मीशिम्मी माणसे कोयता घेऊन कारखान्यावर असतात; मेपर्यंत बहुतेक परततात, पेरणीही लांब असते. "टिपणी तालुक्याला आहे," असे सांगतील. (ग्रामसेवकाचा 2024 मध्ये ग्रामपंचायत अधिकारी झाला, उत्तर तेच.) मग नक्कल आणायला लावा. एकेक आक्षेप मोठ्याने वाचून घ्या, उत्तर इतिवृत्तात उतरवा, मगच सही-अंगठा.