बाजव्याचा हिशेब सरोदला विचारा

वडोदऱ्याच्या बाजव्याजवळच्या जी.एस.एफ.सी. खत कारखान्याचा विषय निघाला की पूर्वपक्ष ठरलेला असतो. 1967 पासून इथून खत निघालं, शेतं पिकली, देशाची पोटं भरली. शेजारी कोयलीला 1965 मध्ये रिफायनरी आली, हजारोंच्या चुली पेटल्या. त्यापायी जवळची मिनी नावाची नदी नासली असेल, पण वजाबाकी करून शिल्लक केवढी उरते बघा!

हे बोलणं मी उडवून लावत नाही. परदेशी गव्हाच्या बोटींची वाट पाहिलेल्या देशाने खताला नाक मुरडू नये. पण या वहीत जमा एकाच्या नावे आहे आणि खर्च दुसऱ्याच्या. वडोदऱ्याच्या कारखान्यांचं सांडपाणी वाहून नेणारा सुमारे 55 किलोमीटरचा कालवा 1983 साली सुरू झाला. तो पादरा ओलांडून जंबुसर तालुक्यात सरोदजवळ महीच्या मुखाशी रिकामा होतो. परिणामाचा फक्त पत्ता बदलला, जिल्ह्यासकट. सरोद भरूचमध्ये येतं.

‘वाटेवरचे शेतकरी तेच पाणी राजीखुशीने पिकाला घेतात’ हेही ऐकवलं जातं. राजीखुशी म्हणायला हाताशी दुसरं पाणी लागतं.

टिळकांनी ‘गीतारहस्या’त पुष्कळांच्या सुखाचं हे माप तपासलं आहे. त्यांचा दाखला असा: अमेरिकेतल्या एका शहरात व्यवस्थापकाने लाच देऊन ट्रामवे लवकर सुरू केली. लोकांची सोय झाली, तरी त्याच्यावर खटला भरलाच. म्हणून नुसता परिणाम नको, कर्त्याची बुद्धी पाहा, असं टिळक म्हणतात. इथे ते मला अर्धेच पुरतात. बाजव्यातल्या इंजिनिअरची बुद्धी शुद्धच असेल, पण भूजलात उतरलेल्या रसायनाला हेतू कळत नाही. तेव्हा परिणाम मोजायलाच हवेत. मात्र ते सोसणारा माणूस मोजणीला आधीपासून बसलेला हवा. ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये उचलून धरलं, चांगलंच झालं. पण भरपाई नंतर येते, आणि बिघडलेलं भूजल पैशाने लवकर निवळत नाही.

आज पर्यावरण परवानगीआधीची जनसुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास होते. कालव्यात भर घालणाऱ्या प्रत्येक नव्या कारखान्याची सुनावणी सरोदलाही घ्यावी, आणि तिथले आक्षेप इतिवृत्तात पडून न राहता परवानगीच्या अटींत उतरावेत.