आवाजाची मजुरी

माल भरताना मीटरमागे पन्नास पैशांसाठी अर्धा तास घासाघीस करणारे आपण व्यापारी. नवशिक्या पोराच्या हातात चांगला तागा कापायला देत नाही. विणकर, रंगारी, जरीकाम करणारा यांचा हुन्नर काय असतो, हे आपल्या समाजाला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. मग जाहिरातीच्या बाबतीत मात्र ज्याला गळा आहे त्याचा आवाज चालतो, असे आपण का धरून चाललो आहोत?

आमचीच गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी लग्नसराईच्या तोंडावर आम्ही रेडिओवर आणि रिक्षाच्या भोंग्यावर जाहिरात लावली. छपाई, फ्लेक्स, रेडिओचा वेळ मिळून 40 हजारांच्या आसपास गेले. आवाज मात्र घरचा, म्हणजे पुतण्याचा. पोरगा हुशार, आवाज भारदस्त, शिक्षण आमच्यासारखेच उर्दू शाळेतले. मोबाइलवर रेकॉर्ड केले आणि पैसे वाचवले म्हणून आम्हीच त्याची पाठ थोपटली.

आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांतल्या बायका दुकानापुढून हसत जाऊ लागल्या. शेवटी नेहमीच्या एका मावशींनी सांगितले, "शेठ, तुमचा भोंगा खन आणि चोली विकतोय. आम्हाला खण-चोळी पाहिजे."

णचा न झाला होता आणि ळचा ल. चोळीतला च मराठीत दातांवर येतो. पुतण्याने तो 'चहा'तल्यासारखा म्हटला. झाले! घरंदाज कापड सिनेमाच्या गाण्यातले होऊन बसले. उर्दूत हे ण आणि ळ नाहीत. आम्ही स्वतः तीस वर्षे मराठी गिऱ्हाइकांशी बोलतो, तरी 'डाळ' म्हणताना जीभ अजून अडखळते. यात लाजण्यासारखे काही नाही. गादीवर बसून बोलतो तेव्हा गिऱ्हाईक आमचा चेहरा बघते, हात बघते, चूक सांभाळून घेते. भोंग्यातून नुसता आवाजच येतो.

पुढच्या हंगामात आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी एका स्टुडिओत गेलो आणि जाहिरातींना आवाज देणाऱ्या, या कामाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या एका बाईंना बोलावले. त्यांनी आधी विचारले, ऐकणार कोण? शहरातली मुलगी की खेड्यातली सासू? आम्ही दीडशे शब्द लिहून नेले होते. अर्ध्या मिनिटात साठ-सत्तरच्या वर बसत नाहीत, असे सांगून त्यांनी साड्यांची पाच नावे आमच्यासमोर खोडली. (जीव तुटला, पण बोललो नाही.) कागदावर पेन्सिलीने श्वास घेण्याच्या जागा मारल्या. प, फ, भ आले की माइकवर हवेचा धपका बसतो, म्हणून तेवढ्यापुरते तोंड किंचित बाजूला. दुकानाच्या नावात नुक्त्याचा ज़ आहे. तो आमच्याकडून दोनदा म्हणवून घेतला. आणि 'भव्य सवलत' हे शब्द ओरडून नाही, तर शेजारणीच्या कानात सांगावे तसे म्हटले. तासाभरात काम संपले. त्या वर्षी विक्री वाढली ती आवाजामुळेच, असे म्हणणे खोटे ठरेल. पाऊसही चांगला होता. पण हसणे थांबले आणि बायका खण विचारत आत आल्या.

आवाज ही देणगी आहे, त्यात शिकायचे काय, असे म्हणणाऱ्यांनी अमीन सयानींचे उदाहरण आठवावे. 1952 पासून रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' त्यांनी घराघरात नेली. त्याच अमीन सयानींना सुरुवातीला आकाशवाणीच्या हिंदी विभागाने नापास केले होते. उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप आहे म्हणून. त्यांनी हिंदुस्तानी घासूनपुसून घेतली. आई कुलसुम सयानी यांच्या 'रहबर' पाक्षिकात सोप्या हिंदुस्तानीची तालीम मिळाली. आणि हेही विसरू नये की गीतमाला हा टूथपेस्टच्या जाहिरातीचाच कार्यक्रम होता. मालकाने आवाजावर पैसा खर्च केला आणि बिनाकाचे नाव खेड्यापाड्यांत पोचले. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या 1967 मध्ये, मुंबई, पुणे, नागपूर येथून. त्याच्या आधीची ही गोष्ट.

गल्लीतल्या छोट्या दुकानदाराने हा खर्च करावा असे आमचे म्हणणे नाही. दारात उभे राहून त्याने स्वतःच हाक मारावी, तीच शोभते. पण जो रेडिओच्या सेकंदाचे पैसे मोजतो, त्याने त्या सेकंदात काय वाजते यावर हात आखडू नये.

आता मोबाइलमध्ये मशीनचा आवाज फुकट मिळतो. काही व्यापारी बंधू तोच वापरतात, तर कोणी प्रसिद्ध कलावंताच्या आवाजाची नक्कलही मशीनकडून करून घेतात. पहिल्याबद्दल एवढेच की मशीन तुमचे दीडशे शब्द खोडणार नाही, आहेत तसे वाचून मोकळे होईल. दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका. गायक अरिजीत सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये मनाई केली आहे.

आणि व्यवहार कागदावर करा. जाहिरात किती दिवस, कुठे कुठे वाजणार, ते आधी लिहून घ्यावे. रेडिओसाठी घेतलेला आवाज आम्ही न विचारता वर्षभर भोंग्यावर वाजवला, तेव्हा बाईंचा फोन आला. रागावल्या नाहीत, हिशेब सांगितला. आम्ही दुसऱ्याच दिवशी चुकता केला.