नळीची निवड

वडिलोपार्जित रायफलीची नळी झिजली, सबब नवी उंची नळी बसवून रायफल आपल्या मनाजोगी घडवून घ्यावी, अशा इच्छेने जे गिऱ्हाईक आमच्या व्यवसायबंधूंच्या दुकानाची पायरी चढते, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नळी कोणत्या कारखान्याची घ्यावी? आणि आमचे बंधूही त्याच्या ऐपतीचा अंदाज बांधून अमेरिकेतील क्रीगर किंवा बार्टलाइन, अथवा जर्मनीतील लोथर वाल्थर यांपैकी एखादे नाव उच्चारून मोकळे होतात. या कारखान्यांच्या कसबाविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही. परंतु नळीचा विचार गोळीपासून सुरू व्हावयास हवा, आणि गोळीचा विचार ती किती अंतरावर व कशासाठी झाडावयाची यापासून. हा क्रम एकदा उलटला की उत्तमोत्तम नळीही अनाठायी खर्चाची बाब होऊन बसते.

विशेष हे की, हा क्रम जगाला बजावून सांगणारा एक ग्रंथकार आपल्याच मुलखात वावरला होता. 1861 साली नागपूर ही राजधानी ठरवून मध्य प्रांत निर्माण झाला, कामठीची छावणी तर 1821 पासून कन्हानच्या काठी नांदत होतीच; त्या काळात सातपुड्याची राने पायाखाली घालणारा कॅप्टन जेम्स फोर्साइथ हा अंमलदार त्याच्या मृत्यूच्या वर्षी, 1871 साली, प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथामुळे सर्वांस ठाऊक आहे. त्याआधी त्याने शिकारी रायफल व तिची गोळी या विषयावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले होते, ते मात्र आमच्या धंद्यातील फारच थोड्यांनी चाळले असेल. त्या काळच्या लष्करी रायफलींत लांबट गोळीसाठी जलद पीळ असे आणि त्याचेच अनुकरण शिकारी रायफलींतही होई. पण वाटोळ्या गोळीमागे दारूचा मोठा बार भरला की ती जलद पिळाच्या चरांना न जुमानता सरळ घसरत बाहेर पडे, म्हणून शिकारी बार कमी करीत, आणि बार कमी झाला की गोळीचा मार्ग कमानीसारखा वाकून अंतराचा अदमास जरासा चुकला तरी नेम चुके. फोर्साइथने पीळच मंद करून टाकला, इतका की साडेआठ फुटांहून अधिक लांबीत चरांचा एकच फेरा पुरा व्हावा. त्यामुळे वाटोळी गोळी भरपूर दारूनिशी चरांत टिकून राही आणि जंगलात जे अंतर खरोखर पडते तेथपर्यंत जवळजवळ सपाट जाई. लंडनमधील नामांकित दुकानदारांची त्या काळची रीत बाजूस सारण्याचे धैर्य त्याला आले ते जनावर किती जवळून दिसते याच्या अनुभवातून.

आजची गोळी लांबट आहे, तेव्हा पीळ जलद हवा हे उघडच आहे. पण किती जलद, याचेही गणित आहे. वूलिच येथील प्राध्यापक ग्रीनहिल यांनी 1879 साली दिलेल्या सूत्राप्रमाणे गोळीच्या व्यासाच्या वर्गास 150 ने गुणून तिच्या लांबीने भागले (सर्व मापे इंचांत) की एका फेऱ्यास किती लांबी लागते ते कळते. .308 इंच व्यासाची व 1.2 इंच लांबीची गोळी घेतली तर उत्तर सुमारे 12 इंच येते; .30-06 च्या नळ्यांना बहुधा 10 इंचांचा पीळ असतो, म्हणजे तेथे हात राखूनच काम झालेले आहे.

आता आपल्याकडील वस्तुस्थिती पाहू. लष्करी .303 बोअर नागरिकांस निषिद्ध ठरल्यामुळे परवान्यावर आढळते ती इच्छापूरच्या कारखान्याची .315, आणि तिच्यासाठी खडकीचे काडतूस, ज्याची बोथट नाकाची गोळी 244 ग्रेन वजनाची. काडतुसांत निवडीला जागाच नसताना परदेशी नेमबाजीच्या दर्जाची नळी बसवून अर्ध्या इंचाच्या गटाची अपेक्षा करणे म्हणजे, आमच्या मते, गिऱ्हाइकाची चक्क फसवणूक होय. अशा रायफलीस हवी ती चरांचा व्यास गोळीच्या व्यासाशी तंतोतंत जुळणारी, ताण काढून टाकलेल्या पोलादाची, मध्यम वजनाची नळी. रानात महत्त्व असते ते थंड नळीतून सुटणाऱ्या पहिल्या गोळीला. वीस गोळ्यांनंतरही न डळमळणारी जाडजूड नळी खांद्यावर वागवून डोंगर चढणाऱ्याचे हाल मात्र होतात.

नळी एकेक चर कापून केलेली, कठीण बटण ओढून केलेली की हातोड्यांच्या माराने घडवलेली, यावर वाद घालण्यापेक्षा कारागिराने तिची स्वतः परीक्षा घ्यावी. नळीत तेलाचा बोळा फिरवून, तिच्या व्यासाहून किंचित मोठी अशी मऊ शिशाची गोळी लाकडी ठोकणीने आत बसवावी आणि पितळी दांड्याने सावकाश पुढे ढकलीत न्यावी. गोळी जेथे अडते, जेथे एकाएकी सैल पडते, ते बोटांना कळते. सर्वत्र सारखा विरोध असेल, किंवा तोंडाकडे तो अंमळ वाढत असेल, तर नळी पसंत करावी, आणि तोंडाकडेच सैल पडत असेल तर नाव कितीही मोठे असो, ती परत पाठवावी. बाहेर पडलेल्या गोळीवर शेतातील सरी-वरंब्यांप्रमाणे उमटलेल्या खुणांवरून चरांचा व्यास मोजता येतो. मात्र जुन्या एन्फील्ड नळीत चर पाच असल्याने चरासमोर वरंबा येतो आणि साधा मायक्रोमीटर खोटे माप सांगतो. ही चूक मुरलेल्या कारागिरांकडूनही झालेली आम्ही पाहिली आहे.

हवेविषयी थोडे. पोलाद साधे क्रोम-मॉलिब्डेनमचे की स्टेनलेस, हा प्रश्न विदर्भातील उन्हाळ्यात गौण असला तरी पावसाळ्यात गौण राहत नाही. आणि जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतील क्षार स्टेनलेसलाही सोडीत नाहीत, त्यांना पाण्याने धुण्याखेरीज उतारा नाही.

राहिली कायद्याची बाब, जी खरे पाहता नळी मागविण्यापूर्वीच उरकावयास हवी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर हौसेची शिकार संपली. कलम 11 अन्वये वनखात्याच्या सक्षम अधिकाऱ्याचा लेखी हुकूम असेल तेव्हाच पिकाचा वा मनुष्याचा घात करणाऱ्या जनावरावर रायफल उचलता येते. 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच गणले जातात; कलम 5 अन्वये दुरुस्तीस व रूपांतरास, आणि कलम 6 अन्वये नळी आखूड करण्यास परवाना लागतो, तर कलम 8 ओळखखुणा व क्रमांक खोडण्यास मनाई करते. तेव्हा परवान्याच्या दप्तरातून लेखी मंजुरी आल्याविना चेंबरची रीमर हाती धरू नये. आणि उतरवलेली जुनी नळी, ती कितीही गंजलेली असो, भंगारात न टाकता क्रमांकासह नोंदवहीत चढवून तिचे काय करावे याचा हुकूमही त्याच अर्जात मागून घ्यावा.