राजेश्वरचा रस्ता आणि एकवीस दिवसांची नोटीस

सोलापुरात याला हैदराबाद रोड म्हणतात, हैदराबादेत मुंबई हायवे म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसं अजून 'नऊ नंबर'च म्हणतात. सरकारने २०१० साली महामार्गांचे आकडे बदलले, नऊचा पासष्ट झाला, पण तोंडातला आकडा काही बदलला नाही. पुण्याहून निघायचं, सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, मग सीमा, सस्तापूर बंगला, राजेश्वर, हुमनाबाद, मन्नाखेळी, झहीराबाद, हैदराबाद. तिथून विजयवाड्यावरून थेट मछलीपट्टणचा समुद्र. एवढ्या लांबच्या रस्त्यात कर्नाटकाच्या वाट्याला सुमारे ७५ किलोमीटर येतात, आणि त्या ७५ किलोमीटरमध्ये आपण राहतो.

या रस्त्याबद्दल लिहा, असं पेजच्या वाचकांनी बऱ्याचदा सांगितलं. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की आपल्या भागाचं राजकारण याच रस्त्यावरून आलं आणि याच रस्त्यावर अडकलं.

निजामाच्या राज्यात हा सोलापूरच्या इंग्रजी मुलखाला हैदराबादशी जोडणारा रस्ता होता. आपल्या भागाला तेव्हा दुसरी मोठी वाट नव्हती. सोलापूर-हैदराबाद रेल्वे वाडीवरून वळसा घालून जाते, आणि बिदर-कलबुर्गी रेल्वे हुमनाबादवरून धावायला २०१७ साल उजाडलं. म्हणून बाजार, दवाखाना, कोर्ट, सोयरीक, सगळं या रस्त्यावरून. १९४८ च्या मे महिन्यात गोरट्यात रझाकारांनी माणसं मारली, तेव्हा जीव वाचवून पळणाऱ्यांना सोलापूरची दिशाच सुरक्षित वाटत होती.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आत आलं तेही इथूनच. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांची मुख्य फौज सोलापूरकडून निघाली. पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला, आणि माझ्या मते पुढच्या चार दिवसांचा निकाल अर्धा तिथेच लागला. तो पूल उडाला असता तर रणगाडे पावसाळ्यातल्या काळ्या चिखलात रुतले असते. उमरग्याला मुक्काम करून १४ तारखेला फौज राजेश्वरकडे निघाली. वाटेत दबा धरून बसलेल्या तुकड्या विमानातून दिसल्या होत्या, म्हणून टेंपेस्ट विमानांनी आधी हल्ला करून रस्ता मोकळा केला आणि दुपारपर्यंत राजेश्वर ताब्यात आलं. पुढे झहीराबादचा तिठा, मग बिदर, आणि १७ तारखेला निजामाची शरणागती.

भारताच्या लष्करी इतिहासात राजेश्वरचं नाव आहे, बरं का. पण हायवेवरून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं? १७ सप्टेंबरला उमरग्यात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन होतो, सीमेच्या अलीकडे कल्याण कर्नाटक उत्सव होतो. दिवस एक, मुक्ती एक, रस्ता एक. नावं मात्र दोन, आणि दोन्हीकडच्या भाषणांत पलीकडच्याचा उल्लेख सापडणं मुश्कील.

मग १ नोव्हेंबर १९५६. बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. निलंगा, उदगीर, अहमदपूर मुंबई राज्यात, झहीराबाद, नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसुरात. कलबुर्गीकडे आळंदच्या मराठी गावांचंही तेच झालं. यावर या पेजवर भरपूर लिहून झालंय, ८६५ गावांचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तेव्हा पुन्हा तेच उगाळत नाही.

एक गंमत मात्र सांगतो. चौपदरीकरणाची कामं वाटली तेव्हा सोलापूर ते महाराष्ट्र-कर्नाटक सीमा हे साधारण १०० किलोमीटरचं एक काम झालं. दुसरं काम सीमेपासून संगारेड्डीपर्यंत, साधारण १४५ किलोमीटरचं. म्हणजे कर्नाटक आणि पलीकडचं राज्य यांच्यातली सीमा ठेकेदाराला आड आली नाही, काम सरळ ओलांडून गेलं. तोडलं ते आपल्या बाजूच्या सीमेवर. यात काही कटकारस्थान आहे असं मी म्हणत नाही, कागदावर सोयीचं वाटलं असेल. पण आपल्या माणसाला विचारा, तो म्हणेल, 'बगा, रस्त्याला सुद्धा तिथंच जोड दिलाय.'

सीमा सगळ्यात जास्त जाणवते ती एसटी बंद होते तेव्हा. २०२२ च्या नोव्हेंबरात वाद पेटला आणि गाड्या थांबल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावकडे कर्नाटकच्या वाहकाला मारहाण झाली, चित्रदुर्गला महाराष्ट्राच्या एसटीला काळं फासलं, आणि महाराष्ट्राने कर्नाटकातल्या फेऱ्या बंद केल्या. त्या वाहकावर हात उचलणं चूकच होतं. मराठीच्या नावाने झालं म्हणून ते बरोबर ठरत नाही, हे हक्काची भाषा बोलणाऱ्या आपल्या पेजने स्पष्ट म्हटलं पाहिजे. मराठी बोलला नाही म्हणून वाहकाला मारायचं आणि मराठीत नोटीस दिली नाही म्हणून कोर्टाकडे दाद मागायची, या दोन गोष्टी एका तोंडाने बोलता येत नाहीत. बेळगावात भांडण होतं आणि उमरग्याच्या दवाखान्यात जाणारी म्हातारी इथल्या फाट्यावर बसून राहते. तिला कोणी विचारत नाही.

आता नोटिशीकडे येतो, कारण हा लेख खरं तर त्यासाठीच आहे.

हायवेसाठी जमीन घेतात ती राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ या कायद्याखाली. कलम ३-अ ची अधिसूचना राजपत्रात निघते. तिचा मजकूर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यायचा, त्यातलं एक देशी भाषेतलं असलं पाहिजे, असं कायदा म्हणतो. ३-अ ची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत कलम ३-क प्रमाणे लेखी हरकत घ्यायची. एकदा कलम ३-ड ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारची, मग भांडण फक्त पैशाचं उरतं.

देशी भाषा कोणती, ते कायदा सांगत नाही. जिल्हा कर्नाटकाचा, म्हणून कन्नड, असं गृहीत धरलं जातं. ज्या गावात घरात, बाजारात, भजनात मराठी आहे, तिथला शेतकरी सोलापूर-लातूरकडचं मराठी दैनिक वाचतो. त्याच्या जमिनीची बातमी ज्या पेपरात छापून येते तो त्याच्या हातात कधी पडतच नाही. कायदा पाळला जातो आणि माणसाला पत्ता लागत नाही.

मी एका वयस्कर शेतकऱ्याबरोबर अशाच एका कार्यालयात गेलो होतो. कुठलं, ते इथं महत्त्वाचं नाही. कारकून भला माणूस. त्याने सगळं समजावून सांगितलं, आणि अस्सल आपल्या मराठीत सांगितलं. 'मामा, मुदत संपली बगा. पेपरात दिलं होतं की.' मामा म्हणाले, 'तू आत्ता सांगलास तसं तवा कागदावर लिवलं असतंस, तर मी आलो नसतो का बाबा?' कारकून हसला, पण उत्तर त्याच्याकडे नव्हतं. बोलायला मराठी चालते, कागदाला चालत नाही, एवढाच काय तो फरक. त्यात मामांची हरकत घ्यायची मुदत गेली.

यात कन्नडविरोध शोधू नका. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी मराठीत रचना केल्या, कन्नडमध्येही केल्या. दत्तजयंतीला माणिकनगरला जाणाऱ्या गाडीत दोन्ही भाषा बाकावर शेजारी बसतात. कन्नड नोटीस काढूच नका, असं कोणी म्हणत नाही. तिच्याबरोबर मराठी काढा, एवढंच मागणं आहे.

ही मागणी आपण हवेतून काढलेली नाही. १९५६ ची पुनर्रचना झाली तेव्हाच सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमं आली, भाषिक अल्पसंख्याकांच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि त्यांच्या तक्रारींवर लक्ष ठेवणाऱ्या विशेष अधिकाऱ्यासाठी. त्याच काळात ठरलेल्या संरक्षणांत असंही आहे की ज्या भागात अल्पसंख्य भाषकांची संख्या १५ टक्के किंवा अधिक आहे, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात. तालुक्यागणिक भाषेचे आकडे जनगणनेत आहेत, सरकारकडेच आहेत. ते काढा आणि १५ च्या वर कोणते तालुके बसतात ते पाहा. सुप्रीम कोर्टातला निकाल यायचा तेव्हा येईल. ही गोष्ट निकालाची वाट न बघता, आत्ता, कर्नाटकात राहून मागता येते.

घाई एवढ्यासाठी की सुरत-चेन्नई महामार्ग अक्कलकोटकडून कलबुर्गी जिल्ह्यात शिरतो आहे. सीमेपलीकडच्या शेतकऱ्यांनी मोबदल्यावरून आंदोलनं केली, कारण त्यांना कागद वाचता आला. आपल्याकडच्या मराठी गावांत तोच कागद दुसऱ्या लिपीत येतो.

तेव्हा राजेश्वर, बसवकल्याण, भालकी, आळंद, कुठलेही असा, एक काम करा. घरात हायवेच्या भूसंपादनाची नोटीस असेल, जुनी असली तरी, तिचा फोटो काढून पेजच्या इनबॉक्समध्ये टाका. आधार नंबर, बँकेचे तपशील झाकून टाका. नोटिशीची तारीख, ती तुमच्या हाती पडली ती तारीख, आणि पेपरात आली असेल तर कुठल्या भाषेच्या पेपरात, एवढं खाली लिहा. कन्नड वाचणारी आपली दोन-तीन पोरं बसून प्रत्येकीचा मराठी मजकूर करून परत पाठवतील. हे सगळे कागद जोडूनच भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे अर्ज द्यायचा आहे. आणि ज्यांचे २१ दिवस अजून संपलेले नाहीत, त्यांनी फोटोची वाट न बघता आधी हरकत लिहून द्यावी, मराठीत लिहिली तरी द्यावी, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नये.